रागीट फोटो आणि करवतवाला माणूस

"लिहा मामा," जावईबापू खिडकीकडे तोंड करून म्हणाले. "'नजर घारीची, कान सशाचे, नाक शिकारी कुत्र्याचे आणि चाल मांजराची.' लिहिलंत?"

मामांनी लिहिलं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं, म्हणूनच तर हे काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. लिहून झाल्यावर त्यांनी अदबीनं विचारलं, "एवढ्या जनावरांत माणसाचं काही घ्यायचं का?"

"मेंदू घ्या. मेंदू माणसाचा. पण 'तल्लख' लिहू नका, तल्लख कोणीही असतं. 'अघोरी' लिहा."

"अघोरी मेंदू?"

"जाहिरात आहे मामा. वाचणारा दचकला पाहिजे. आणि शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात: 'या शहरातला एकही गुन्हा आमच्या नजरेतून सुटलेला नाही.'"

मामांनी तेही लिहिलं. तीन वर्षांत 'घारदृष्टी तपास केंद्रा'कडे तीन प्रकरणं आली होती. हरवलेलं मांजर नऊ दिवसांच्या तपासानंतर त्याच्याच फायलीवर झोपलेलं सापडलं. हरवलेली छत्री उघडून जावईबापू स्वतःच ती शोधत फिरत होते. तिसऱ्या प्रकरणातला इसम दिवसभर गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर पाळत ठेवत असे. तो निवृत्त झाला होता, एवढंच निघालं. पण जावई म्हणजे दहावा ग्रह. बाकीच्या नवांची निदान शांती करता येते. दहाव्याला "तुमचं चुकतंय" म्हणायची सोय सासऱ्याला कुठल्याच शास्त्रानं ठेवलेली नाही.

मामांनी तीस वर्षं एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टरचं काम केलं होतं. विंगेत पडद्याआड बसायचं आणि नट अडला की त्याला पुढचं वाक्य पुरवायचं. आवाज असा, की नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. निवृत्त झाल्यावर त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही ह्यांच्याबरोबर जात जा. तपास लागो न लागो, संध्याकाळी घर तरी सापडेल." तेव्हापासून मामा साहाय्यक होते. काम तेच होतं, फक्त इथला नट पुरवलेलं वाक्य घेत नसे.

कचेरी एका लाँड्रीच्या माडीवर होती. खालून इस्त्रीची वाफ येई आणि जावईबापूंची मिशी सारखी ओली पडून लोंबे. ही मिशी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यामुळे ते रोज सकाळी रस्ता ओलांडून समोरच्या फोटो स्टुडिओपाशी जात. गल्लीतली सगळ्यात स्वच्छ काच तिथली. तिच्यात बघून ते छोट्या कंगव्यानं मिशी विंचरत, चांगली पाच-सात मिनिटं. मामांनी तेवढा वेळ अलीकडच्या फुटपाथवर, पिशवी धरून, वीस पावलांवर उभं राहायचं असा नियम होता. दोघं एकत्र दिसले तर गुन्हेगार सावध होतात म्हणे. स्टुडिओत काय मांडलंय ते मामांना कधी दिसलं नव्हतं. सकाळचं ऊन काचेवर चमके आणि उरलेली जागा जावईबापूंची पाठ व्यापून टाके. पाठ चांगली ऐसपैस होती.

जाहिरातीचा मजकूर पुरा होतो न होतो तोच जिना वाजला आणि औषधवाल्या बाई आत आल्या. चौकातलं औषधांचं दुकान गेली पंचवीस वर्षं त्याच चालवत. यंदा त्या नगरपालिकेच्या निवडणुकीला उभ्या होत्या. मतदान रविवारी होतं आणि आज होता मंगळवार.

जावईबापूंनी त्यांना बसूही दिलं नाही. "थांबा! बोलू नका. आपण लांबच्या, खडतर प्रवासातून आला आहात."

"चौकातून आले."

"मग पायाला हा चिखल?"

"रस्ता खणलाय. तिसऱ्यांदा. ज्यानं खणलाय तोच माझ्यासमोर उभा आहे, म्हणून तर मी उभी राहिले." बाईंनी टेबलावर पेपर आपटला. "हे बघा."

अर्धं पान भरून जाहिरात होती. डावीकडे विरोधी उमेदवार, म्हणजे कंत्राटदारसाहेब, हात जोडून बत्तीसच्या बत्तीस दात दाखवत होते. फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा होता. तेव्हा डोक्यावर केसही होते. उजवीकडे बाई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, भुवया एकमेकींना भिडलेल्या, ओठ घट्ट मिटलेले, आणि चष्म्यावरून बघणारी नजर अशी, की मामांना उगाचच आपण औषध वेळेवर घेत नाही हे आठवलं. खाली लिहिलं होतं: 'पाच वर्षं रोज कोणता चेहरा बघायला आवडेल?'

"टीव्हीवर पण लावलंय," बाई म्हणाल्या. "माझं तोंड तीनदा जवळ आणतात आणि दर वेळी ढग गडगडवतात. मागे खोकल्याच्या बाटल्यांचं कपाट आहे, ढग कुठून आले देव जाणे."

"आपली अब्रू..." जावईबापूंनी सुरुवात केली.

"अब्रूचं सोडा. चेहरा माझा आहे, रोज वापरते. मला राग त्याचा नाही." बाई पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या. "आमच्या पोस्टरसाठी स्टुडिओवाल्यानं दुकानात येऊन हा फोटो काढला. मी चिठ्ठी वाचत होते. मग त्यानं मशिनवर तो सुधारला. चष्मा काढला, सुरकुत्या पुसल्या, वर हसू बसवलं. खांबावर पोस्टर लागलं तेव्हा मीच विचारलं, 'वन्सं, ह्या कोण उभ्या राहिल्यात आपल्याविरुद्ध?' ते असो. पण हा मूळ फोटो बाहेर कुठंच गेलेला नाही. तो माझ्याकडे, स्टुडिओवाल्याकडे आणि आमच्या वन्संकडे, एवढाच होता. स्टुडिओवाला शपथेवर सांगतो, कुणाला दिला नाही."

"म्हणजे उरल्या नणंदबाई!" जावईबापूंच्या मिशीत चैतन्य आलं.

"तेच मला ऐकायचं नाहीये," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खाली आला. "ह्यांना जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून त्या घरात आम्ही दोघीच. मला उभं त्यांनीच केलं, प्रचारही त्याच बघतात. पण संशयाचा किडा एकदा शिरला की झोप लागत नाही हो. घरातल्या माणसानं हे केलं असेल तर मी प्रचार बंद करून घरी बसते. घरात विश्वास नाही आणि लोकांच्या दारात जाऊन विश्वास ठेवा म्हणायचं, हे मला जमायचं नाही."

नाटकात अशा वाक्यानंतर पडदा पडतो आणि लोक नाकं पुसतात. इथे जावईबापूंनी भिंग काढलं.

भिंग जाहिरातीवरून फिरत फिरत बाईंच्या खांद्यापाशी थांबलं. "मामा! हे बघा!"

मामांनी बघितलं. फोटोच्या अगदी कडेला पुसट, धुरासारखी एक आकृती होती. चेहरा कडेबाहेर गेला होता, खालच्या ओठाचा एक कोपरा तेवढा उरला होता. वर उचललेला एक हात दिसत होता आणि हातात बारीक दातांची काहीतरी वस्तू.

"करवत," जावईबापू कुजबुजले. "बाई, हा फोटो काढला तेव्हा आपल्या मागे करवत घेतलेला एक माणूस उभा होता."

"माझ्या मागे भिंत आहे," बाई म्हणाल्या. "आणि भिंतीला कपाट."

"म्हणजे तो कपाटात होता!"

बुधवारी तपास दुकानात सुरू झाला. जावईबापूंनी रुग्णाचा वेश घेतला होता. डोक्याला मफलर, अंगावर घोंगडी, पाय ओढत चालणं, सगळं यथासांग. फक्त मिशी झाकायला त्यांचं मन झालं नाही.

"या डिटेक्टिव्हसाहेब," गल्ल्यावरूनच बाई म्हणाल्या. "काय होतंय?"

"सगळीकडे दुखतंय," जावईबापू खोल आवाजात म्हणाले.

"डॉक्टरांची चिठ्ठी?"

"नाही."

"मग दुखू द्या. बाकावर बसा, बाकीच्यांना वाट सोडा."

जावईबापू बाकावर बसून कपाटावर पाळत ठेवत राहिले. मामा शेजारी बसले. त्यांना मात्र वेगळंच काही बघायला मिळालं. एक बाई कडेवर तापलेलं लेकरू घेऊन आली. औषधवाल्या बाईंनी तिची चिठ्ठी घेतली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, आणि तोच चेहरा झाला, जाहिरातीतला. भुवया भिडल्या, ओठ मिटले. मग त्यांनी फोन उचलला. "डॉक्टर, हा डोस लेकराचा आहे का बैलाचा? ... नीट वाचून सांगा ... हं. अर्धा. मला वाटलंच." मग त्या मुलाच्या आईला म्हणाल्या, "अर्धा चमचा. नीट मोजून. आणि उद्या मला येऊन सांगायचं, ताप किती ते." तिच्याकडेही त्यांनी चष्म्यावरून तस्संच बघितलं. ती बाई घाबरली नाही. उलट तिचे खांदे सैल पडले.

दुपारी नणंदबाई चहा घेऊन आल्या. गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या, दोन फोन गळ्यात अडकवलेल्या. वहिनींचा कप आधी, त्यातही साखर कमी, मग बाकीच्यांचे. "वहिनी, आज बसून प्या हं, उभ्यानं नाही." बाईंनी कप घेतला, पण नजर वर केली नाही. नणंदबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या आणि मग रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या.

"बघितलंत?" जावईबापू मामांच्या कानात म्हणाले. "अपराधी चालली."

मामांना दिसली होती ती दुखावलेली बाई. पण त्यांनी चहाचा घोट घेतला. दहावा ग्रह.

गुरुवार सुतारांचा होता. करवत कुणाची ते शोधायला जावईबापूंनी गावातले चार सुतार पालथे घातले. पहिल्या तिघांनी हाकललं. चौथा म्हातारा होता, त्यानं जाहिरात हातात घेऊन नीट पाहिली. "साहेब, ही करवत नाही," तो म्हणाला. "एवढुशा करवतीनं काय कापणार, काकडी? आणि करवत अशी ओठाजवळ कोण धरतं? कापून घ्यायचंय का तोंड?"

"ओठाजवळ!" जावईबापूंनी बोट उंचावलं. "म्हणजे खूण! गप्प बसा, नाहीतर कापून काढीन. ही टोळीची खूण आहे, मामा, टिपून घ्या."

मामांनी टिपून घेतलं: 'ओठाजवळ धरतात. करवत नव्हे.' आणि उगाचच त्याखाली एक रेघ मारली. काहीतरी ओळखीचं वाटत होतं, पण नाटकातलं अर्धं वाक्य आठवावं आणि उरलेलं जिभेवर अडावं तसं झालं होतं.

शुक्रवारी दुपारी जावईबापूंनी सगळ्यांना दुकानामागच्या खोलीत बोलावलं. बाई, नणंदबाई, आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला स्टुडिओवाला. हा बारीकसा, उत्साही माणूस. कॅमेरा तो अंघोळीपुरताच काढत असावा. जावईबापू पाठीमागे हात बांधून इकडून तिकडे फिरले. खोली लहान होती, त्यामुळे तीन पावलांत भिंत येई.

"आपण तिघे," ते म्हणाले. "फोटो तिघांकडे. गुन्हेगार या तिघांत. स्टुडिओवाले, आपण फोटो कुणाला दिलात?"

"मुळीच नाही साहेब. धंद्याची शपथ. मशिनमधून फाइल बाहेर गेलेली नाही."

"ठीक. बाई, आपण स्वतः दिलात का? सहानुभूतीसाठी?"

बाईंनी चष्म्यावरून नुसतं बघितलं. जावईबापूंनी ती शक्यता ताबडतोब रद्द केली.

"मग कोण राहिलं? बाई, तर्कशास्त्राला नातंगोतं नसतं. पण नात्यागोत्याला तर्क असतो! वहिनी निवडून येणार, वहिनींचं नाव होणार, आणि नणंद? नणंद चहा आणणार! ज्या दिवशी जगात पहिली भावजय आली त्याच दिवशी नणंदेच्या हातात कर..."

"जावईबापू," मामा हळूच म्हणाले.

"...वत आली!"

बाईंनी मान वळवली आणि नणंदेकडे बघितलं. जेमतेम एक क्षण. पण बघितलं.

नणंदबाईंनी गळ्यातले दोन्ही फोन काढून टेबलावर ठेवले. "वहिनी," त्या म्हणाल्या, "बारा वर्षांत तुम्ही माझ्याकडे कधी असं बघितलं नव्हतंत. चिठ्ठीत खोट आहे का बघता, तसं. चारची बस आहे. मी चुलत बहिणीकडे जाते."

"वन्सं, मी काही म्हटलं का?"

"म्हणायला कशाला लागतंय." आणि त्या पिशवी भरायला आत गेल्या.

बाई जागच्या हलल्या नाहीत. जागेवरूनच त्या जावईबापूंना म्हणाल्या, "झालं ना तुमचं? या आता. उद्याची शेवटची सभाही नाही आणि फेरीही नाही. संपलं सगळं." त्यांचा आवाज कोरडा होता, डोळे मात्र कोरडे नव्हते.

परतीच्या वाटेवर प्रकरण सुटल्याचा आनंद जावईबापूंना शोधूनही सापडेना. माणूस आढ्यतेखोर होता, पण दुष्ट नव्हता. "मामा," ते अखेर म्हणाले, "सुटलं की नाही प्रकरण?"

"सुटलं," मामा म्हणाले. "दोरी सुटते तसं."

एरवी असं बोलल्यावर जावईबापू विचारात पडले असते. आज ते मान खाली घालून कचेरीच्या जिन्याकडे निघून गेले. मिशी दोन्ही बाजूंनी लोंबत होती. ती विंचरायला रस्ता ओलांडावा असंही त्यांना वाटलं नाही.

म्हणून तीन वर्षांत पहिल्यांदाच मामांच्या आणि स्टुडिओच्या काचेच्या मध्ये जावईबापूंची पाठ नव्हती. दुपारचं ऊन पलीकडे गेलं होतं. मामांनी सहज मान वर केली आणि त्यांच्या हातातली पिशवी गळून पडली.

काचेच्या आत, मधोमध, मखमलीच्या कापडावर दोन मोठे फोटो लावले होते. उजवीकडे पोस्टरवरच्या गुळगुळीत, हसऱ्या बाई. खाली पाटी, 'नंतर'. डावीकडे भुवया भिडलेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या बाई. खाली पाटी, 'आधी'. आणि वर रंगीत अक्षरांत: 'चेहरा कसाही असो, आम्ही आहोत!'

मामा रस्ता ओलांडून गेले. 'आधी'च्या समोर बरोबर ती जागा होती जिथे जावईबापू रोज सकाळी उभे राहत. फुटपाथची फरशी तिथे जरा झिजलीसुद्धा होती. रोज सकाळी सगळा गुन्हा जावईबापूंच्या नाकासमोर, चार बोटांवर असे, आणि जावईबापू त्याच्या अलीकडे स्वतःची मिशी बघत असत.

मामांना ओठाजवळ धरलेली, दातांची छोटी वस्तू आठवली. अडलेलं वाक्य एकदम पुरं झालं.

"थांबा!" ते ओरडले. सासरा जावयावर ओरडला. लाँड्रीवाल्यानं इस्त्री होती तिथेच धरली आणि एका गिऱ्हाइकाचा शर्ट त्यात गेला. "जावईबापू, इकडे या! आत्ताच्या आत्ता!"

जावईबापू आले. फोटो बघून त्यांचा जबडा पडला. "स्टुडिओवाले!"

नुकताच परतलेला स्टुडिओवाला आनंदानं बाहेर आला. "आवडलं का साहेब? दोन आठवडे झाले लावून. गिऱ्हाईक दुप्पट झालं. आधी-नंतर दाखवल्याशिवाय आमची कला लोकांना कळत नाही हो."

"तुम्ही तर म्हणालात, फोटो कुणाला दिला नाही!"

"नाहीच दिला. लावलाय फक्त."

"जावईबापू," मामांनी विचारलं, "गेल्या आठवड्यात तुम्ही मिशी विंचरत असताना इथे कोणी फोनवर फोटो काढत होतं का?"

"फोटो? छे." जावईबापूंनी आठवलं. "हां, शनिवारी एक सद्गृहस्थ आले होते. फार अदबशीर. 'साहेब, जरा डावीकडे सरकता का?' म्हणाले. मी सरकलो. त्यांनी 'थँक्यू' म्हटलं. मी विंचरत राहिलो. आजकाल इतकं सौजन्य..."

ते थांबले. त्यांनी खिशातून हळूच कंगवा काढला. मग जाहिरात काढली. मग कंगवा ओठाजवळ नेऊन काचेत बघितलं. काचेत वर उचललेला एक पुसट हात होता आणि हातात बारीक दातांची वस्तू.

"मामा," जावईबापू क्षीण आवाजात म्हणाले, "करवतवाला माणूस..."

"हो," मामा म्हणाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्यांच्या ओठांवर आली होती. ती त्यांनी गिळली. "आता पळा. पावणेचार झालेत."

औषधाच्या दुकानात नणंदबाई पिशवी घेऊन निघालेल्याच होत्या. बाई गल्ल्यापाशी उभ्या होत्या आणि दोघींमध्ये चार हातांचं अंतर होतं. ते दोघींपैकी कोणालाच ओलांडता येत नव्हतं. इतक्यात जावईबापू धापा टाकत आत घुसले आणि त्यांच्यामागून स्टुडिओवाला. मामा मात्र मागच्या दारानं शिरून दाराशी आडव्या उभ्या असलेल्या दुसऱ्या कपाटामागे गेले. जावयाचा मान राखणं हे सासऱ्याचं काम होतं, आणि जागा तर त्यांच्या सवयीचीच होती.

"थांबा!" जावईबापू गरजले आणि अडले. तोंड उघडं, शब्द नाही.

"'बाई, माझं चुकलं,'" कपाटामागून आवाज आला, फक्त जावईबापूंना ऐकू जाईल एवढाच.

जावईबापूंनी तीन वर्षांत पुरवलेलं एकही वाक्य घेतलं नव्हतं. हे त्यांनी घेतलं. "बाई, माझं चुकलं. नणंदबाई, तुमची मी हात जोडून माफी मागतो."

"'फोटो स्टुडिओच्या काचेत लावलेला आहे.'"

"फोटो स्टुडिओच्या काचेत लावलेला आहे! दोन आठवडे! आधी आणि नंतर! कंत्राटदारांच्या माणसानं तिथून काढला आणि तो नीट यावा म्हणून मी..." इथे पुरवलेलं वाक्य संपलं होतं, पण जावईबापू थांबले नाहीत. "मी बाजूला सरकलो. फोटोतला माणूस मी आहे. करवत नाही, कंगवा आहे." आणि पुरावा म्हणून त्यांनी कंगवा मिशीला लावून दाखवला.

बाईंनी सावकाश मान वळवून स्टुडिओवाल्याकडे बघितलं. "माझं तोंड तू दुकानात मांडलंस?"

"कलेचा नमुना म्हणून, बाई!" स्टुडिओवाला कळवळून म्हणाला. "अहो, 'आधी' एवढं अवघड कुणाचंच मिळालं नव्हतं. मिटलेल्या ओठांतून हसू कुठून काढू? दात घालावे लागले."

"कुणाचे दात?"

"कंत्राटदारसाहेबांचे. त्यांचं कामही माझ्याकडेच असतं ना. एवढे चांगले दात गावात दुसऱ्या कुणाचे आहेत?"

बाहेरच्या खांबावर बाईंचं पोस्टर होतं आणि पलीकडच्या खांबावर कंत्राटदारसाहेबांचं. सगळ्यांनी या खांबाकडे बघितलं, मग त्या खांबाकडे. वरच्या रांगेतला तिसरा, किंचित पुढे आलेला दात, दोन्हीकडे तोच.

आधी नणंदबाईंच्या तोंडून कसलासा आवाज फुटला. बाईंनी ओठ घट्ट धरले, भुवया भिडवल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. पण पुढे इलाज चालला नाही. बाई हसल्या. डोळे मिटून, गल्ल्याचा आधार घेऊन, खांदे गदगदून हसल्या. चष्मा पडला. नणंदबाईंनी तो पडता पडता झेलला, आणि त्या नादात चार हातांचं अंतर कधी संपलं ते कुणालाच कळलं नाही. सवयीनं स्टुडिओवाल्याचं बोट कॅमेऱ्यावर दाबलं गेलं.

"वन्सं," बाई श्वास घेत म्हणाल्या, "पिशवी ठेवा खाली."

"बस चुकेल माझी."

"चुकू दे. मी चुकले, तशी तीही चुकेल एकदा." आणि मग हळू आवाजात, "मी तसं बघायला नको होतं हो."

"नकोच होतं," नणंदबाई म्हणाल्या. त्यांनी वहिनींचा चष्मा पदरानं पुसला आणि त्यांच्या नाकावर बसवला. पिशवी गल्ल्याखाली सरकवली ती पायानंच.

तेवढ्यात एक आजोबा काठी टेकत आत आले. त्यांनी चिठ्ठी पुढे केली आणि बाईंकडे बघून म्हणाले, "बाई, पेपरातला फोटो झकास आलाय हो तुमचा."

"तो?" नणंदबाई म्हणाल्या. "आजोबा, तो विरोधकांनी छापलाय. वहिनी वाईट दिसाव्यात म्हणून."

"वाईट काय त्यात? माझ्या चिठ्ठीकडे बाई वर्षानुवर्षं अशाच बघतात. म्हणून तर आहे मी अजून." आजोबांनी काठीनं बाहेरच्या खांबाकडे दाखवलं. "पेपरात बघितलं तेव्हा कळलं, बाई उभ्या आहेत. तोवर आम्ही सगळे म्हणत होतो, ही दातवाली कोण?"

नणंदबाईंनी आतल्या टेबलावरचे दोन्ही फोन उचलून पुन्हा गळ्यात अडकवले. शनिवारी सकाळपर्यंत गावातली सगळी हसरी पोस्टर्स उतरली. रागीट फोटोचं नवीन पोस्टर काढायला वेळ नव्हता आणि गरजही पडली नाही. कंत्राटदारसाहेबांनी तो अर्ध्या पानावर, बसच्या पाठीवर आणि टीव्हीवर गडगडाटासह लावलेलाच होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. शेवटच्या सभेत बाई एवढंच म्हणाल्या, "तुमच्या रस्त्याच्या कागदांकडे मी अशीच बघेन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई एकशे बारा मतांनी निवडून आल्या.

जावईबापूंनी जाहिरातीचं शेवटचं वाक्य बदलायचं ठरवलं. 'एकही गुन्हा नजरेतून सुटलेला नाही' असं म्हणायला त्यांची जीभ आता रेटेना. "तुम्हीच सुचवा मामा," ते म्हणाले. मामांनी थोडा विचार केला आणि लिहिलं: 'शहरातले गुन्हे आमच्या डोळ्यांदेखत घडतात.' जावईबापूंना वाक्य फार आवडलं. ते मोठ्या अक्षरात छापलंय.

स्टुडिओच्या काचेत आता एका सुताराचा आधी-नंतर आहे. बाईंचा हसतानाचा फोटो मात्र काचेत लावू द्यायला बाई तयार झाल्या नाहीत. स्टुडिओवाल्यानं फार गयावया केली, यात काही सुधारायलाच नको म्हणाला. "तो घरचा आहे," बाई म्हणाल्या. तो दुकानात गल्ल्यामागे लावलाय. मधोमध बाई डोळे मिटून हसतायत आणि नणंदबाईंनी एका हातात पिशवी अन् दुसऱ्यात चष्मा धरलाय. कडेला जावईबापू ओठाशी कंगवा धरून उभे आहेत, या वेळी पुसट नाही, चांगले ठसठशीत.

मामा त्या फोटोत नाहीत. तीस वर्षं ते कुठल्याच फोटोत नव्हते, त्यामुळे त्यांना त्याचं काही वाटलं नाही. पण मागे ते आडवं कपाट आलंय, त्याचे पाय उंच आहेत आणि खालच्या फटीतून दोन जुन्या चपला दिसतात. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला नणंदबाई आधी त्या चपला बोट लावून दाखवतात, आणि बाकीचे कोण ते मग सांगतात.